पाहुणा दोनदा आला पाहिजे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमबीए कॉलेजात जा, गेस्ट लेक्चरचा साचा साधारण एकच असतो. पाहुणे अर्धा तास उशिरा येतात, कारण चाकणहून किंवा बीकेसीहून निघताना मीटिंग लांबलेली असते. दीपप्रज्वलन होतं. लिंक्डइनवरून जशाच्या तशा उतरवलेल्या परिचयाचं वाचन होतं. शाल-श्रीफळ दिलं जातं, अलीकडे त्यात एका रोपट्याची भर पडली आहे. मग पाहुणे आपल्या कारकिर्दीची चढती कमान सांगतात, इंग्रजी पक्कं करा म्हणतात, नेटवर्किंगला पर्याय नाही म्हणतात. प्रश्नोत्तरांसाठी ठेवलेली वीस मिनिटं आठांवर आलेली असतात आणि पहिला प्रश्न येतो, "सर, आपल्या कंपनीत फ्रेशर्सना काय स्कोप आहे?" मग आभारप्रदर्शन आणि ग्रुप फोटो. फोटो जिओटॅग केलेलाच हवा, कारण तो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत लागतो. हजेरीपट, फीडबॅक फॉर्म, अहवाल, एमओयूची झेरॉक्स असं सगळं फाइलीत जातं आणि विषय तिथेच मिटतो.

यात पाहुण्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक जण कामाचा दिवस मोडून, फारसं मानधन न घेता येतात आणि मनापासून बोलतात. प्राध्यापकांनाही दोष देता येणार नाही. चार-चार विषय शिकवून, वर पाहुण्यांच्या गाडीची व्यवस्था बघणारी ही माणसं आहेत. बिघाड मांडणीत आहे. उद्योगातला माणूस वर्गात येतो तेव्हा त्याने काय आणायचं, विद्यार्थ्यांनी काय करायचं आणि नंतर काय व्हायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका वर्गात ते फार नेमकेपणाने ठरवलं गेलं होतं. तो वर्ग नीट समजून घेण्यासारखा आहे.

हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली व्यवसाय प्रशासनाची शाळा काढली. जगातली पहिली एमबीए पदवी तिथली. पहिल्या वर्षी ३३ नियमित विद्यार्थी होते आणि ४७ जण मोजके विषय घेऊन बसणारे. डीन होते एडविन गे. ते आर्थिक इतिहासाचे अभ्यासक, जर्मनीत राहून शिकलेले, धंद्याशी स्वतःचा संबंध बेताचाच. त्यांच्यापुढे पेच असा होता की शिकवायचं काय? कायद्याच्या शाखेकडे निवाडे होते, वैद्यकाकडे रुग्ण होते. व्यवसाय या विषयाकडे ना पाठ्यपुस्तकं होती ना ते शिकवणारे मास्तर. मग गे यांनी सोपा मार्ग धरला आणि बाहेरून माणसं बोलावली. बँकर आले, रेल्वेवाले आले, कारखानदार आले. फ्रेडरिक टेलर, म्हणजे कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारे आणि 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे जनक म्हणून ओळखले जाणारे टेलर, त्यांनाही गे यांनी गळ घातली. टेलर आधी तयार नव्हते. हे काम कारखान्यातच शिकायचं असतं, वर्गात नाही, असं त्यांचं म्हणणं. अखेर ते राजी झाले आणि १९०९ पासून १९१४ पर्यंत दरवर्षी येऊन व्याख्यानं देत राहिले.

ही व्याख्यानं सगळीच रंगत होती असं नाही. गिरणी उत्तम चालवणाऱ्याला ती कशी चालवतो हे सांगता येईलच असं नसतं. तो आठवणी सांगतो, यश सांगतो, हातून निसटलेल्या गोष्टी गाळतो. म्हणजे आजची तक्रार तेव्हाही होतीच.

तोड काढली ती प्राध्यापक नसलेल्या माणसाने. आर्च शॉ हे शिकागोतले कार्यालयीन सामानाचे व्यावसायिक आणि प्रकाशक. 'सिस्टिम' नावाचं व्यापारविषयक मासिक ते चालवत. ते हार्वर्डला आले आणि १९११-१२च्या सुमारास त्यांनी 'बिझनेस पॉलिसी' या विषयाचा वर्ग वेगळ्या पद्धतीने बांधला. त्यांनी पंधरा व्यावसायिकांना तयार केलं. अट एकच होती, भाषण द्यायचं नाही. सध्या आपल्या टेबलावर पडलेला, अजून न सुटलेला एक प्रश्न घेऊन यायचा. पहिल्या तासाला पाहुणा तो प्रश्न मांडायचा आणि मुलांनी विचारलेल्या शंकांना उत्तरं द्यायचा. पुढच्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्याने आपलं विश्लेषण आणि शिफारस लेखी द्यायची. आणि तिसऱ्या तासाला तोच पाहुणा पुन्हा वर्गात यायचा आणि त्या अहवालांवर मुलांशी चर्चा करायचा.

सगळी किमया त्या तिसऱ्या तासात आहे. पाहुणा परत येणार हे माहीत असलं की पहिल्या तासाला मुलं वेगळं ऐकतात. 'मागच्या वर्षी हाच माल किती खपला होता?' हा प्रश्न विचारायची गरज पडते, कारण परवा त्यावर दोन पानं लिहायची असतात. पाहुण्याचंही तसंच. नुसतं भाषण ठोकून जायचं असेल तर पाच-सहा ठेवणीतल्या गोष्टी पुरतात. पण आपला खरा प्रश्न पोरांच्या हाती देऊन त्यांची उत्तरं ऐकायला परत यायचं, तर आकडे नीट द्यावे लागतात, अडचण सोलून सांगावी लागते. शिवाय त्याला स्वतःला काहीतरी मिळतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या बहुतेक शिफारशी कच्च्या असणार, पण पन्नासात दोन अशा निघतात की ज्या त्याच्या हाताखालच्या माणसांनी भिडेपोटी सांगितल्या नसत्या.

हे सुरेख होतं आणि फार काळ टिकण्यासारखं नव्हतं. विद्यार्थी वाढले, विषय वाढले. दर आठवड्याला एक कारखानदार, तोही एकाच आठवड्यात पुन्हा यायला तयार असलेला, आणायचा कुठून? १९१९ साली वॉलेस डॉनहॅम डीन झाले. ते हार्वर्डच्याच लॉ स्कूलचे पदवीधर आणि बँकिंगमधून आलेले. वकिलीच्या शिक्षणात न्यायालयातले खटले वाचून त्यांवर वाद घालायची पद्धत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यांनी मेल्विन कोपलंड या प्राध्यापकाला पाठ्यपुस्तक लिहायचं सोडून प्रश्नांचा संग्रह करायला सांगितलं. तो १९२० साली विपणनाच्या प्रश्नांचं पुस्तक म्हणून छापला गेला. शाळेकडे एक संशोधन विभाग आधीपासून होता. शॉ यांच्याच पुढाकाराने १९११ मध्ये तो निघाला होता आणि त्याचं पहिलं काम होतं बुटांच्या किरकोळ दुकानांचा खर्च मोजण्याचं. तपासनीस दुकानोदुकानी गेले तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकाची चोपडी निराळी. एकाच्या भाड्यात जे येतं ते दुसऱ्याच्या किरकोळ खर्चात. तुलना करायची तर आधी सगळ्यांसाठी हिशेबाची एक पद्धत आखावी लागली, आणि हार्वर्डने ती आखून दुकानदारांना दिली. डॉनहॅम यांनी याच विभागाला कंपन्यांमध्ये जाऊन प्रसंग टिपून आणण्याच्या कामाला जुंपलं. आज जगभर चालणारी 'केस मेथड' ती ही. उद्योजक वर्गात येऊ शकत नाही म्हणून त्याचा प्रश्न कागदावर उतरवून आणायचा.

केस पद्धतीचे गुण मोठे आहेत आणि ते इथे उगाळत बसत नाही. पण या सोयीत एक गोष्ट गेली हे मात्र म्हटलं पाहिजे. कागदावरच्या कंपनीला उलट प्रश्न विचारता येत नाही. छापायला कंपनीची परवानगी लागते, म्हणून आकडे बदललेले असतात, नावं झाकलेली असतात, आणि शेवट बहुधा होऊन गेलेला असतो. हुशार मुलगा उत्तर गुगलवर शोधतो.

जिवंत प्रश्न आणि जिवंत माणूस दोन्ही वर्गात टिकवण्याचं काम न्यूयॉर्कमध्ये एका वेगळ्याच प्रकारच्या शिक्षकाने केलं. बेंजामिन ग्रॅहॅम दिवसा वॉल स्ट्रीटवर पैसे गुंतवत आणि संध्याकाळी कोलंबिया विद्यापीठात शिकवत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गुंतवणुकीचा हा वर्ग सुरू केला. कुणीतरी नीट टिपणं काढावीत अशी त्यांची अट होती. ती जबाबदारी डेव्हिड डॉड या तरुण अध्यापकाने घेतली, आणि त्या टिपणांतून १९३४ साली 'सिक्युरिटी ॲनालिसिस' हा दोघांच्या नावाचा ग्रंथ आला. मंदीने होरपळलेल्या बाजारात हे पुस्तक आलं आणि अजून छापलं जातं. ग्रॅहॅम वर्गात उदाहरणं देत ती त्या आठवड्यात बाजारात चालू असलेल्या शेअरांची. त्यामुळे वर्गात विद्यार्थ्यांबरोबर दलाली पेढ्यांमधले नोकरदारही बसत. काहींचा डोळा शिकण्यापेक्षा टिपांवर असायचा, हे खरं; पण मुलांच्या शेजारी धंद्यातला माणूस बाकावर बसलेला असणं हीच किती मोठी गोष्ट!

ग्रॅहॅम यांची एक युक्ती त्यांचे विद्यार्थी आणि पुढे मोठे गुंतवणूकदार झालेले वॉरन बफे यांनी सांगितली आहे. ग्रॅहॅम फळ्यावर दोन कंपन्या मांडत, 'अ' आणि 'ब'. दोघींचे ताळेबंद, नफा, कर्ज. एक भक्कम, दुसरी डळमळीत. वर्ग चर्चा करून दोघींचं मोल ठरवायचा. मग कळायचं की दोन्ही एकच कंपनी आहे, बोइंग, फक्त निरनिराळ्या वर्षांतली. हे शिकवायला नुसता व्यवहार पुरत नाही आणि नुसतं अध्यापनही पुरत नाही. माणूस दोन्हीकडचा लागतो.

बफे १९५०-५१ मध्ये कोलंबियात होते. त्यांना समजलं की आपले गुरुजी गायको नावाच्या एका छोट्या मोटार विमा कंपनीचे अध्यक्ष आहेत. ही कंपनी काय करते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ग्रंथालयात जाऊन जे मिळालं ते वाचलं आणि जानेवारी १९५१ मधल्या एका शनिवारी ते रेल्वेने वॉशिंग्टनला गेले. कंपनीचं दार बंद. वीस वर्षांचा हा पोरगा दार ठोठावत राहिला. शेवटी रखवालदाराने उघडलं. आत कुणी बोलण्यासारखं आहे का, विचारल्यावर तो म्हणाला, एक साहेब आहेत वर. ते होते लॉरिमर डेव्हिडसन, तेव्हा कंपनीच्या प्रेसिडेंटचे सहायक आणि पुढे कंपनीचे प्रमुख. ग्रॅहॅमचा विद्यार्थी म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं, आणि पाच मिनिटांचा शिष्टाचार संपला चार तासांनी. विमा धंद्यात पैसा कसा येतो, दलाल वगळून थेट टपालाने पॉलिसी विकली की खर्च किती कमी होतो, हे त्या दुपारी डेव्हिडसन यांनी समजावलं. वर्ष संपेपर्यंत बफे यांनी १०,२८२ डॉलर गायकोत घातले होते. त्यांच्या एकूण पुंजीचा तो निम्म्याहून मोठा हिस्सा होता. पुढल्याच वर्षी त्यांनी ते शेअर विकले आणि त्याची चुटपुट नंतर जाहीर पत्रात लिहिली. १९९६ साली त्यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने उरलेली निम्मी कंपनी २३० कोटी डॉलरना घेऊन टाकली.

ही गोष्ट व्हॉट्सॲपवर 'जिद्द' म्हणून फिरते. मला त्यात जिद्दीपेक्षा तयारी दिसते. ग्रॅहॅमच्या नावाने दार उघडलं खरं. चार तास ते उघडं राहिलं कारण मुलगा वाचून आला होता आणि त्याच्याकडे विचारायला धंद्यातले प्रश्न होते. नोकरी मिळेल का, हा प्रश्न त्यांत नव्हता.

विद्यापीठांना उद्योगातली माणसं वर्गात का हवी असतात याचं एक कारण ज्ञान, आणि दुसरं उघड कारण ओळखी. ओळखींबद्दल आपल्याकडे थोडा संकोच असतो. 'वशिला' या एका शब्दात आपण सगळंच बसवतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने साठच्या दशकाच्या अखेरीस बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नोकरी बदललेल्या व्यावसायिकांची पाहणी केली. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तेव्हा कितीदा भेटायचा? 'नेहमी' असं सांगणारे शंभरात सुमारे सतरा निघाले. निम्म्याहून अधिक म्हणाले, अधूनमधून. आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांना तो माणूस वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटत होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा आशय असा की जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यांना जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर येते ती लांबच्या ओळखीतून.

सधन घरातल्या मुलाला अशा लांबच्या ओळखी वडिलांच्या मित्रांमधून आयत्या मिळतात. लातूरहून किंवा चंद्रपूरहून पुण्यात शिकायला आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीला त्या कुठून मिळणार? तिच्यासाठी वर्गात येणारा पाहुणा हीच लांबची ओळख. पण दोनशे जणांच्या सभागृहात मागच्या रांगेतून ऐकलेल्या माणसाशी ओळख होत नाही. तिने लिहिलेली दोन पानं त्याने वाचली आणि तिसऱ्या तासाला तिचं नाव घेऊन 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' असं विचारलं, तर होते.

भारतात ही परंपरा आली ती बरीचशी हार्वर्डच्या वाटेने. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस भारत सरकार आणि फोर्ड फाउंडेशन यांनी व्यवस्थापन संस्था काढायचं ठरवलं तेव्हा त्यांतली एक मुंबईत निघायची होती. ते जमलं नाही. विक्रम साराभाई यांच्या खटपटीने ती १९६१ साली अहमदाबादला गेली आणि तिथे हार्वर्डशी सहकार्य झालं. मुंबईच्या वाट्याला १९६५ साली जमनालाल बजाज संस्था आली, स्टॅनफर्डच्या सहकार्याने. चर्चगेटच्या या संस्थेला जागेनेच एक देणगी दिली. आसपास बँका, विमा कंपन्या, दलाली पेढ्या आणि बड्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं. काम आटोपून साहेब लोक शिकवायला यायचे आणि नोकरी करणारे संध्याकाळच्या अभ्यासक्रमांना बसायचे. उद्योगातून येणारे अध्यापक ही या संस्थेची ओळखच होऊन बसली. संपूर्ण सत्र शिकवायला येणारा माणूस एकदाच येत नाही, तो आठवड्यामागून आठवडे येतो, पेपर तपासतो, कुठलं मूल कच्चं आणि कुठलं पक्कं हे ओळखतो. तो नंतर नोकरी देतो तेव्हा त्याला मुलाखतीची गरज जवळजवळ उरत नाही.

अहमदाबादच्या संस्थेत याच्या उलट दिशेचाही एक प्रयोग झाला आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ साली आपण होऊन पद सोडलं आणि पुढे १९७५ पासून ते राजस्थानात अजमेरजवळच्या जवाजा भागात काम करू लागले. तिथले विणकर आणि चामड्याचं काम करणारे कारागीर यांच्याबरोबर, अहमदाबादच्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेला सोबत घेऊन, त्यांनी माल, किंमत, बाजार या गोष्टींवर काम केलं. उद्योगातली माणसं वर्गात आणायची म्हणजे टाय लावलेलीच आणायची, हा आपला समज त्यांनी मोडून काढला. विणकराला कर्ज देणारा व्यापारी आणि त्याचाच माल विकत घेणारा व्यापारी जेव्हा एकच असतो, तेव्हा भाव कोण ठरवतो, हा प्रश्न कुठल्याही कॉर्पोरेट केसइतकाच अवघड आहे.

अलीकडे सरकारनेही दार किलकिलं केलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही नेमणूक आणली. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पीएचडी किंवा नेट नसतानाही शिकवता येतं. अशा जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात आणि मुदत साधारण तीन वर्षांची, अपवाद म्हणून आणखी एक. कल्पना चांगली आहे. धोका इतकाच की आपल्याकडे अशी पदं सन्मानाची होतात: निवृत्त मोठं नाव माहितीपत्रकात छापायचं आणि वर्षातून दोन व्याख्यानं घ्यायची. जर्मनीत स्टुटगार्टच्या कंपन्यांनी, त्यात डायमलर-बेंझ आणि बॉश होत्या, सत्तरच्या दशकात वेगळी रीत घालून दिली. विद्यार्थी कंपनीच्याच पगारावर असतो आणि साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने काम असा आळीपाळीने शिकतो. आपल्या एमबीएतली दोन महिन्यांची समर इंटर्नशिप याच जातीची, पण तिचा अहवाल बऱ्याचदा कंपनीतलं कुणी वाचत नाही.

आता शॉ यांचा वर्ग आपल्या मातीत कसा दिसेल ते बघू. समजा, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फाउंड्रीच्या मालकीणबाई वर्गात आल्या. कंपनी मोठी नाही, नावाजलेली नाही. त्यांचा प्रश्न असा: त्या पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला कास्टिंग देतात. भंगार, वाळू आणि भट्टीची वीज यांचे पैसे लगेच मोजावे लागतात, मजुरी दर आठवड्याला. गिऱ्हाईक मात्र नव्वद दिवसांनी पैसे देतं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करायला हवं, असं कायदा सांगतो. आयकर कायद्यात २०२३ साली घातलेल्या कलमानुसार मुदतीत पैसे न दिल्यास घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. बाईंना वाटलं, आता सुटले. पण खरेदी विभागातून गोड आवाजात फोन आला, "मॅडम, बघा, नाहीतर आम्हाला मोठ्या व्हेंडरकडे जावं लागेल."

काय करावं बाईंनी? कायद्यावर बोट ठेवावं? दोन टक्के सवलत देऊन लवकर पैसे मागावेत? रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या ट्रेड्स व्यासपीठावर बिलं वटवावीत, तर त्यासाठी गिऱ्हाईकही तिथे नोंदलेलं आणि बिल मान्य करणारं हवं, ते कसं पटवायचं? की वर्षभराचा त्रास सोसून दुसरी तीन लहान गिऱ्हाइकं शोधायची? मुलांनी पहिल्या तासाला विचारायला हवं की या एका गिऱ्हाइकाकडे धंद्याचा किती हिस्सा आहे, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा किती आणि व्याज किती, साचे बनवायचे पॅटर्न कुणाच्या मालकीचे, दुसरीकडे माल वळवायला किती महिने लागतील. हिशेब, विपणन, कायदा, मनुष्यस्वभाव असे चार विषयांचे चार मास्तर एकाच प्रश्नात येतात. चार दिवसांनी दोन-दोन पानं. आणि पुढच्या आठवड्यात बाई परत येऊन सांगतील, "हे तुमचं ट्रेड्सचं खरं आहे, पण त्यांचा अकाउंट्सवाला बिल मान्यच करत नाही, मग?" तिथून खरा तास सुरू होईल.

याला खर्च किती? एसटीचं भाडं आणि दोन वेळचा चहा. अडचण खर्चाची नाही. बाईंना आपली चोपडी परक्यांपुढे उघडायची भीती वाटेल, तेव्हा कॉलेजला गुप्ततेचा साधा करार करावा लागेल आणि तो पाळावा लागेल. प्राध्यापकाला साठ अहवाल वाचून त्यातले दहा निवडावे लागतील. आणि प्राचार्यांना मान्य करावं लागेल की वर्षाला चाळीस पाहुण्यांच्या जागी आठच येतील, फाइल थोडी बारीक दिसेल.

विद्यार्थ्यांना वाट पाहायची गरज नाही. पुढचा पाहुणा आला की प्रश्नोत्तरांत इतकंच विचारा, "सध्या तुमच्या टेबलावर न सुटलेला असा कुठला प्रश्न आहे?" आठवड्याभरात त्यावर दोन पानं लिहून त्यांना पाठवा. शंभरातले ऐंशी जण उत्तर देणार नाहीत, ते सोडून द्या.

आणि हे वाचणाऱ्यांत जे स्वतः कंपनीत, बँकेत, कारखान्यात, दुकानात आहेत आणि ज्यांना जुन्या कॉलेजातून अधूनमधून बोलावणं येतं, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी फोन आला की सांगा, येतो, पण दोन तारखा द्या. शाल एकाच तारखेला दिली तरी चालेल.